चांदणं, काळोख आणि बांगडा

पौर्णिमेचा समुद्र बघायला शहरातली माणसं आवर्जून मालवणला, गणपतीपुळ्याला जातात. त्याच रात्री बंदरातल्या कितीतरी होड्या मात्र नांगर टाकून गप्प उभ्या असतात. ज्यांचं पोट दर्यावर आहे, त्यांना चांदण्याचं फारसं कौतुक नसतं. बांगड्याच्या मागावर निघणाऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, काळोख हवा असतो, आणि तोही अवसेच्या अलीकडच्या-पलीकडच्या रात्रींचा, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा. जमिनीवरच्या माणसाला हे कोडंच वाटतं. शोधायचं गडद पाठीच्या माशाला, ते काळ्या पाण्यात, आणि वर म्हणे उजेड नको!

गंमत अशी की त्या काळोखात मासा स्वतःच उजेडाची खूण सोडत जातो. किनाऱ्यावरचे दिवे मागे पडले, डोळे अंधाराला सरावले, की पाण्याखाली एक फिकट निळसर डाग सरकताना दिसू लागतो. डाग मध्येच फुटतो, पुन्हा जुळतो, होडीचं इंजिन घुरघुरलं की एका अंगाला पळतो. तो बांगड्याचा थवा असतो. उजेड बांगड्याचा नसतो. बांगडा ज्या पाण्यातून पोहतो त्या पाण्याचा असतो.

त्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे एकपेशीय जीव असतात. आपल्या किनाऱ्यावर त्यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे नॉक्टिल्युका. आकार फार तर एक-दोन मिलिमीटर, बहुतेकदा त्याहूनही कमी. जुहूच्या किंवा देवगडच्या लाटा निळ्या पेटल्याची छायाचित्रं अधूनमधून फिरतात, त्या बहुधा याच्याच करामती. हा जीव शांत पाण्यात अंधारच पाळतो. धक्का बसला, त्याच्या अंगावरून पाणी जोरात सरकलं, की पेशीच्या पडद्यावरून विजेची एक लहर धावते, आतल्या बारीक कप्प्यांमध्ये आम्लता वाढते आणि ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचं ऑक्सिजनशी मीलन होऊन निळा प्रकाश बाहेर पडतो. सगळं सेकंदाच्या छोट्याशा भागात आटोपतं. बादलीत असं पाणी घेऊन हात फिरवला तर बोटांच्या कडेकडेने ठिणग्या उठतात आणि हात थांबला की बादली पुन्हा काळी.

एवढ्याशा जिवाला ही रोषणाई परवडते कशी? शास्त्रज्ञांचा एक लोकप्रिय तर्क असा की हा आरडाओरडा आहे. याला खायला आलेला बारीक झिंग्यासारखा जीव धक्का देतो, दिवा लागतो, आणि त्या दिव्यात तो खाणाराच त्याच्याहून मोठ्या माशाला दिसतो. चोराला पकडून द्यायची ही युक्ती. तिचा पुढचा फायदा थेट आपल्या ताटापर्यंत येतो, याची कल्पना नॉक्टिल्युकाला असायचं कारण नाही.

अनुभवी तांडेल त्या डागावरून मासा कोणता हेही सांगतात. डाग किती पसरट आहे, कसा वळतो, बिचकल्यावर एकदम फुटतो की गोळा होऊनच पळतो, यावरून तारली की बांगडा हे ठरतं. आता चांदणं का नको ते उलगडतं. पूर्ण चंद्राचा प्रकाश सूर्याच्या सुमारे चार-लाखाव्या भागाएवढा. तरी नुसत्या ताऱ्यांच्या उजेडापेक्षा तो शेकडो पट अधिक असतो. त्या उजेडात पाण्याची ती पुसट निळाई बुडून जाते. शिवाय चांदण्यात जाळंही दिसतं. सुताच्या जाळ्यांच्या काळात हे फार जाणवायचं. नायलॉन आलं, पुढे पारदर्शक तंगूस आला, तसा हा काच थोडा सैल झाला. पण काळोखाचं महत्त्व संपलं नाही. आणि एक उलटी बाजूही आहे: पाणी फारच पेटतं असलं तर जाळ्याचा प्रत्येक धागा उजळतो, पाण्यात झगमगती भिंत उभी राहते आणि मासा तिला वळसा घालून निघून जातो. म्हणजे काळोख हवा, पण पाणीही बेताचंच पेटलेलं हवं.

अंधाराचं खरं काम मात्र याहून खोलवर चालतं. ते उघडकीला आलं दुसऱ्या महायुद्धात, आणि तेही पाणबुड्या शोधताना. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सान दिएगोच्या समुद्रात अमेरिकी संशोधक ध्वनिलहरींनी खोली मोजण्याचे प्रयोग करत होते. नकाशात समुद्र हजारो मीटर खोल, पण प्रतिध्वनी सांगे की तळ तीनशे मीटरांवरच आहे. त्याहून चमत्कारिक म्हणजे हा तळ संध्याकाळ झाली की वर यायचा आणि पहाटे पुन्हा खाली जायचा. स्क्रिप्स संस्थेतले जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी ओळखलं की दगडमातीचा तळ असा हलत नाही. जे हलतंय ते जिवंत असलं पाहिजे. १९४५ मध्ये त्यांनी समुद्रात जाऊन पडताळा घेतला. तो खोटा तळ म्हणजे असंख्य झिंगे, जेलीसारखे जीव आणि बारीक मासे यांचा थर होता.

पृथ्वीवरचं हे सगळ्यात मोठं स्थलांतर. सायबेरियातून येणारे पक्षी वर्षातून एकदा येतात. हे रोज रात्री होतं, जगातल्या प्रत्येक महासागरात. वरच्या पाण्यात सूर्यप्रकाशामुळे वनस्पतिप्लवक, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म वनस्पती, असतं; तेच अन्न. पण उजेडात तिथे थांबलं तर डोळस माशांच्या पोटात जायची हमी. म्हणून दिवस खाली काळोखात काढायचा आणि अंधार पडला की वर जेवायला यायचं. कोपेपॉड नावाचा दोन मिलिमीटरचा झिंग्यासारखा जीव रात्रीत दोनशे मीटर चढून येतो, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या एक लाख पट. त्या हिशेबाने माणसाला रोज संध्याकाळी मुंबईहून नाशकाला जेवायला जावं लागेल आणि उजाडायच्या आत परत यावं लागेल, तेही पोहत. अरबी समुद्रात हे करणाऱ्यांत लँटर्नफिश नावाचे बोटाएवढे मासे प्रचंड संख्येने आहेत. दिवसा ते अशा खोलीवर जातात जिथे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. शत्रूला दम लागेल अशा जागी जाऊन बसायचं, हीच त्यांची सुरक्षितता.

या सगळ्या उलाढालीचं बटण म्हणजे प्रकाश. चंद्र फार उजळ असला की थर पुरता वर येत नाही, बिचकून थोडा खालीच राहतो. सूर्यग्रहणात भरदुपारी थर वर सरकू लागल्याच्या नोंदी आहेत. आणि उत्तर ध्रुवाकडे हिवाळ्यात, जिथे महिनोन् महिने सूर्यच उगवत नाही, तिथे तर या वरखाली करणाऱ्या जिवांनी चंद्रालाच सूर्य मानलं आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ध्रुवीय रात्रीत हे जीव २४ तासांच्या नव्हे, २४.८ तासांच्या ठेक्यावर वरखाली करतात, म्हणजे चंद्राच्या दिवसावर. पौर्णिमेच्या आसपास सगळा जथा पन्नासेक मीटर खाली जाऊन लपतो.

अन्न वर आलं की अन्नामागे खाणारे येतात, त्यांच्यामागे त्यांना खाणारे. रात्रीच्या जाळ्याला लागतं ते या साखळीतलं कुठलं तरी कडं.

उजेड आणि अंधार यांच्या मधल्या फटीत तर एक वेगळंच नाट्य घडतं. गळ टाकणाऱ्या माणसांना दिवेलागणीची वेळ प्रिय असते, आणि त्यांचा हा विश्वास निराधार नाही. माशाच्या डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी: रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी, आणि मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी. आपल्याही डोळ्यात त्या असतात. पण बहुतेक माशांच्या डोळ्यात त्या चक्क जागा बदलतात. दिवसा शंकुपेशी पुढे आणि दंडपेशी काळ्या रंगकणांच्या आडोशाला. रात्री बरोबर उलट. ही अदलाबदल क्षणात होत नाही, वीस-पंचवीस मिनिटं ते तासभर लागतो. तेवढा वेळ लहान मासा धड दिवसाचा नसतो, धड रात्रीचा नसतो. मोठ्या शिकारी माशाच्या डोळ्याला मंद उजेड थोडा जास्त मानवतो, आणि तेवढ्या थोड्यावर त्याचं फावतं. सागरी जीवशास्त्रज्ञ एडमंड हॉब्सन यांनी हवाईच्या प्रवाळांवर बुडी मारून या वेळेचं निरीक्षण केलं होतं. सूर्यास्तानंतर दिवसाचे मासे कपारीत शिरलेले, रात्रीचे अजून बाहेर न पडलेले, आणि मध्ये काही मिनिटं सगळं प्रवाळ ओस. त्या ओसाडीत फक्त शिकारी फिरतात.

रायगडच्या खाड्यांतला जिताडा हा असाच संधिकाळाचा मालक. अलिबागकडे जिताड्याचं कालवण म्हणजे पाहुण्याचा खरा मान. रात्री विजेरीचा झोत पडला की याचे डोळे गुलाबी-लालसर चमकतात. डोळ्यात शिरलेला उजेड वाया न घालवता पुन्हा एकदा वापरायची ती सोय आहे. अशा डोळ्यांनिशी तो खाडीच्या तोंडाशी पाणी फिरायची वाट बघत थांबतो.

पाणी फिरायची वाट, म्हणजे भरती-ओहोटीची. इथे चंद्राचं दुसरं खातं उघडतं. आतापर्यंत आपण त्याच्या उजेडाबद्दल बोललो. आता त्याच्या ओढीबद्दल. मला या विषयात सगळ्यात जास्त मोह घालते ती हीच गोष्ट, की महाराष्ट्राचा किनारा या दोन खात्यांमध्ये वाटला गेला आहे. दक्षिणेला, सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे, मासेमारीला चंद्राचा उजेड महत्त्वाचा. उत्तरेला, मुंबई-वसई-पालघरकडे, चंद्राची ओढ.

कारण भूगोलात आहे. दक्षिणेला समुद्राचा उथळ तळ किनाऱ्यापासून बेताचाच पसरलेला. उत्तरेकडे तो रुंद होत जातो आणि पुढे खंबातच्या आखाताची चिंचोळी वाट येते. भरतीचं पाणी या उथळ पसाऱ्यावर चढून फुगतं. मालवणात उधाणाला, म्हणजे अवस-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाण्याची चढउतार दोन-अडीच मीटरांच्या घरात, मुंबईत पाच मीटरांपर्यंत, भावनगरला त्याच्याही दुप्पट. एवढं पाणी सहा तासांत आत आणि सहा तासांत बाहेर जायचं म्हणजे ते धावतच जाणार. वर्सोवा, मढ, उत्तन, अर्नाळा इथल्या कोळ्यांनी या धावेलाच कामाला लावलं. डोल जाळं माशामागे जात नाही. समुद्रात खुंट ठोकून किंवा नांगर टाकून त्याचं मोठं तोंड प्रवाहासमोर उघडं धरायचं. पुढे मोठी वीण, मागे बारीक होत होत शेवटी खोला. प्रवाह बोंबील, जवळा, कोळंबी वाहून आणतो आणि खोल्यात भरतो. पाणी थांबलं की जाळं उचलायचं, कारण उलट्या प्रवाहात ते उलटं होऊन सगळं बाहेर सांडेल. इथे पाणी इतकं गढूळ की बोंबलाला चांदणं आणि काळोख यांत फारसा फरक पडू नये. फरक पडतो तो प्रवाहाला. उधाणाला जाळं भरतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी सुस्तावतं आणि जाळंही लोंबकळत राहतं.

या कोळ्यांचं आणि एकूणच कोकणी माणसाचं एक गणित आहे. आजच्या तिथीला पाऊणने गुणा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दिवसातून दोनदा. जुन्या शाळांत पावकी, निमकीबरोबर पाऊणकी पाठ करून घेत; दर्यावर तिचा असा रोजचा उपयोग होता.

हे ठोकताळ्याचं गणित इतकं जुळतं का, ते बघण्यासारखं आहे. तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. बारा चोक अठ्ठेचाळीस. म्हणजे दर तिथीला चंद्र डोक्यावर यायला, आणि त्याच्यामागोमाग भरती यायला, सुमारे अठ्ठेचाळीस मिनिटं उशीर होतो. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. चूक तीन मिनिटांची! पंधरा तिथ्यांत ती साचून पाऊण तास होते: पौर्णिमेला सूत्र सव्वाअकरा सांगतं आणि मुंबईच्या बंदरात भरती बाराच्या सुमारास किंवा थोडी नंतर येते. मग प्रतिपदेपासून मोजणी नव्याने सुरू होते आणि चूक पुसली जाते. घड्याळ आणि पंचांग यांच्या मधला हा पूल ज्याने बांधला त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट आपोआप निघते. मुंबईत उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री येते. सकाळ-संध्याकाळ खडक उघडे. म्हणून कालवं काढणाऱ्या बायका अवस-पौर्णिमेला सकाळीच खडकावर दिसतात.

आता वारा. वाऱ्याचा माशाशी संबंध काय, तर वरकरणी काहीच नाही; माशाला वारा लागत नाही. पण वारा पाणी हलवतो, आणि ते आपल्याला वाटतं त्या दिशेला हलवत नाही. हे लक्षात आलं नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या. १८९३ ते १८९६ या काळात त्यांनी आपलं फ्राम जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून वाहू दिलं. त्यांनी पाहिलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे वीस ते चाळीस अंश कलून जातो. स्वीडनच्या वाल्फ्रिड एकमन यांनी १९०५ मध्ये त्याचा सिद्धांत मांडला: पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रत्येक थर त्याच्या वरच्या थरापेक्षा थोडा जास्त वळतो, आणि वरच्या सगळ्या पाण्याची गोळाबेरीज केली तर उत्तर गोलार्धात ते वाऱ्याच्या काटकोनात, उजवीकडे सरकतं.

हे आपल्या किनाऱ्याला लावून पाहा. पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत वारा वायव्येकडून, किनाऱ्याच्या कडेने दक्षिणेकडे झुकत वाहतो. त्याची उजवी बाजू म्हणजे पश्चिम. मग वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे सरकतं आणि त्याची जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात वर्षानुवर्षं तळाकडे गेलेलं खत साठलेलं असतं. ते उजेडात आलं की वनस्पतिप्लवकाचं पीक तरारून येतं. शेतकरी ज्या पावसाची वाट बघतो, त्याच मोसमी वाऱ्याने समुद्राचीही नांगरणी होते. केरळच्या किनाऱ्याला ही उसळी सगळ्यात जोरकस. उत्तरेकडे येताना ती ओसरत जाते, पण गोवा आणि दक्षिण कोकणापर्यंत तिचा हात पोचतो. तारली आणि बांगडा यांचं सगळं वैभव या पिकावर.

पण या सुपीक पाण्यात एक खोट असते. त्यात ऑक्सिजन फार कमी. शिवाय कोकणातल्या नद्यांचं गोडं पाणी वर हलका थर करून बसलेलं, म्हणजे हवा खाली जायची वाट बंद. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये नेचर नियतकालिकात दाखवून दिलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याजवळच्या उथळ समुद्राच्या तळाशी ऑक्सिजन जवळपास संपतो. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी समुद्रशास्त्रज्ञ कार्ल बान्से यांनी कोचीजवळ पाहिलं होतं की असं पाणी तळाशी शिरलं की तळाचे मासे तिथून नाहीसे होतात. तळावरून ट्रॉल जाळं कितीही ओढा, हाती काही लागत नाही. तळाच्या माशाला पळावं लागतं आणि वरच्या माशाला वरच दाटीवाटीने राहावं लागतं. पावसाळा सरल्यावर बांगड्याचे थवे किनाऱ्याला इतके जवळ, इतके वर का सापडतात, याचं एक कारण या गुदमरलेल्या पाण्यात असावं. मालवण-वेंगुर्ल्याची रापण याच दिवसांवर उभी होती: किनाऱ्यावरूनच जाळं वेढून घ्यायचं आणि दोन्ही टोकांना गावच्या गावाने दोर ओढायचा. मासा पायाशी आला तरच हे जमतं.

रोजच्या वाऱ्याची तऱ्हा याहून सोपी. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, दुपारी समुद्राकडून खारा. शिडाच्या काळात पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारच्या वाऱ्यावर घरी यायचं, असा दिवसच ठरलेला. इंजिनं आली आणि हे वेळापत्रक सुटलं, पण होड्यांची पहाटेची सवय बऱ्याच ठिकाणी टिकून आहे.

वाऱ्याची तिसरी करामत मी तरी चित्रातून समजेपर्यंत मानली नव्हती. मध्यम वारा सुटला की समुद्रावर फेसाच्या, पालापाचोळ्याच्या लांबच लांब समांतर रेघा उमटतात. १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडताना आयर्विंग लँगम्युअर यांचं तिकडे लक्ष गेलं. गृहस्थ रसायनशास्त्राचे, पुढे १९३२ मध्ये नोबेलही त्याच विषयात मिळालं; पण सारगासो समुद्रातलं शेवाळ वाऱ्याच्या दिशेने ओळी धरून का तरंगतं, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. एका तळ्यावर प्रयोग करून १९३८ मध्ये त्यांनी उत्तर छापलं. वारा आणि लाटा मिळून पाण्याखाली आडव्या, लांबट, शेजारी-शेजारी उलटसुलट फिरणाऱ्या गुंडाळ्या तयार करतात. दोन गुंडाळ्या जिथे एकमेकींकडे येऊन खाली बुडी मारतात, तिथे वर तरंगणारं सगळं गोळा होतं: फेस, काटक्या, प्लवक, माशांची अंडी. प्लवकामागे लहान मासा, लहान माशामागे मोठा. फेसाच्या रेघेवर समुद्रपक्षी घिरट्या घालताना दिसले तर तिकडे होडी वळवणारा नाखवा लँगम्युअरचंच वाचन करत असतो.

खडकावर बसून गरवणाऱ्यालाही थोडा वारा हवाच. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत दाबून बसवलेलं दिसतं. पाणी आरशासारखं असेल तर त्या खिडकीत काठावरचा माणूस, त्याची काठी, त्याची हालचाल स्पष्ट दिसते. वाऱ्याने पाणी सुरकुतलं की खिडकीचे तुकडे होतात. मासा आंधळा होत नाही, पण त्याला वरचं काही धड कळत नाही.

हवामानाबद्दलची एक समजूत मात्र मला पटत नाही. वादळापूर्वी हवेचा दाब उतरतो, तो माशाला पोटातल्या हवेच्या पिशवीने कळतो आणि मासा गळाला झोंबतो, असं गळवाल्यांत सर्रास म्हणतात. पिशवी असते हे खरं. घोळ माशाची हीच पिशवी, भोत, अफाट भावाने जाते. पण हिशेब करून बघा. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरणं म्हणजे पाण्यात एक सेंटिमीटर वर येणं. मोठ्या वादळात दाब पंचवीस-तीस हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे एक वीत-दीड वीत. मासा शेपटीच्या एका फटक्यात याहून जास्त वरखाली होतो. मुंबईच्या खाडीत तळाशी बसलेल्या माशावर उधाणाच्या दिवशी दर सहा तासांनी याच्या पंधरा-वीस पट फरक पडतो. तो काही दर सहा तासांनी वेडा होत नाही. वादळाआधी मासे लागत असतील तर त्याचं श्रेय ढगांनी मंदावलेल्या उजेडाला आणि वाऱ्याने ढवळलेल्या पाण्याला द्यावं हे बरं.

तरीही एक नोंद अशी आहे जी या हिशेबाला खोडा घालते. सप्टेंबर २००१ मध्ये फ्लोरिडातल्या टेरा सिया उपसागरात काळ्या टोकाच्या मुशींची पिल्लं ध्वनियंत्रं लावून अभ्यासली जात होती. गॅब्रिएल वादळ जवळ आलं, दाब उतरू लागला, तशी ती उथळ पाणी सोडून खोल समुद्राकडे निघून गेली आणि वादळ ओसरल्यावर परतली. मुशीला तर हवेची पिशवीच नसते. तिचा कान, म्हणजे आतल्या कानातल्या केसाळ पेशी, हा बारीक बदल टिपत असाव्यात. म्हणजे दाब कळतो. पण कळल्यावर मासा खायला नाही, पळायला बघतो.

कोकणाला ही गोष्ट वेगळी शिकवायला नको. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, तेव्हा मासेमारीचा ऐन हंगाम होता. होड्या समुद्रात होत्या. कितीतरी परतल्या नाहीत. त्या वादळाने जाताजाता समुद्र असा घुसळला की त्याच्या वाटेवर खालचं थंड पाणी वर आलं आणि पुढच्या दिवसांत उपग्रहाला तिथे हरितद्रव्याची वाढ दिसली. ज्या वाटेवर माणसं गेली, त्याच वाटेवर प्लवक बहरलं. निसर्गाच्या या हिशेबात आपली गणती नसते.

हरितद्रव्य आणि पाण्याचं तापमान या दोन गोष्टी उपग्रहातून पाहून हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासे सापडण्याच्या संभाव्य जागा मच्छीमारांना कळवते. थंड आणि कोमट पाणी जिथे भिडतं ती शिवण शोधायची, एवढंच तिचं सूत्र. आभाळ भरलेलं असलं की उपग्रहाला ती शिवण दिसत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच असते, त्यामुळे ढगांचा मोठा भाग त्या सुट्टीत जातो. सुट्टीनंतर नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो. चांदण्याशी वाकडं असलेल्यांचा मोठा सण पौर्णिमेलाच यावा, ही गंमतच.

काळोखाचं हे सगळं गणित गेल्या काही वर्षांत एका दिव्याने उलटवायला घेतलं आहे. होडीवर जनरेटर, त्यावर प्रखर एलईडी. काळ्या रात्री तो पेटवला की आजूबाजूचं प्लवक, बारीक मासे, माकूल, त्यांच्यामागे मोठे मासे उजेडात गोळा होतात आणि सगळ्यांना एकाच जाळ्यात उचलता येतं. पिल्लंही त्यातच. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. तरी किनाऱ्यावरून रात्री क्षितिजावर गावं वसल्यासारखे दिवे दिसतात, आणि सिंधुदुर्गात रापणवाले, गिलनेटवाले आणि एलईडीवाले यांच्यात दरवर्षी खटके उडतात. माझं मत विचाराल तर हा समुद्राचा काळोख लुटण्याचा धंदा आहे.

पण या दिव्यांनाही महिन्यातून काही रात्री विश्रांती घ्यावी लागते. दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. अवसेला तो दूरवरच्या माशालाही आभाळापेक्षा उजळ दिसतो. पौर्णिमेला आभाळच शेकडो पट उजळ, त्यामुळे दिव्याची हुकमत होडीभोवतीच्या लहानशा वर्तुळात आक्रसते. डिझेल जळतं, मासा येत नाही. म्हणून चंद्र मोठा झाला की बेकायदा दिवेवालेही बंदरात येऊन लागतात, त्याच धक्क्याला, जिथे बांगड्यासाठी काळोखाची वाट बघणाऱ्या लहान होड्या आधीपासून उभ्या असतात.